चित्राचा मूड कुठे असतो? मोनेच्या समुद्रकड्यांच्या निमित्ताने

आवाज नीट येतोय ना सगळ्यांना? बरं.

मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न राहून गेला होता. चित्र प्रसन्न आहे, चित्र उदास आहे, असं आपण सर्रास म्हणतो. पण चित्र म्हणजे कापडावरचा रंग, आणि कापडाला उदास व्हायला मन कुठे आहे? ज्या बाईंनी हे विचारलं त्यांनी थोड्या संकोचानेच विचारलं होतं. संकोचाचं काही कारण नाही. सौंदर्यशास्त्रातले पुष्कळसे वाद याच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत. शिवाय याचं उत्तर चुकलं तर कलेबद्दल एकमेकांशी बोलणंच निरर्थक ठरतं. कसं, ते पुढे येईल.

आज हा प्रश्न एका चित्राला धरून पाहायचा आहे. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना एक खोड असते. चित्राचं नाव घ्यायचं आणि लगेच कांटकडे पळायचं. तसं नको. कांट येईल, पण उशिरा. आधी बघू.

पडद्यावर जे चित्र आहे ते क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली काढलेलं. मराठीत त्याला 'पूरव्हिलच्या कड्यावरची फेरी' म्हणू या. मूळ चित्र अमेरिकेत, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आकार फार मोठा नाही, ६६.५ गुणिले ८२.३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण घरातल्या टीव्हीएवढं. काय दिसतंय? गवताने भरलेला उंच कडा. कड्याच्या टोकाकडे दोन स्त्रिया, एकीजवळ छत्री. पलीकडे हिरवट निळा समुद्र आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी शिडं. वर आकाश, त्यात ढग. संपलं. गोष्ट नाही, प्रसंग नाही. त्या स्त्रियांचे चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे त्या हसताहेत की रडताहेत हे कळायला मार्ग नाही. आणि तरीही तुमच्यापैकी बहुतेक जण म्हणतील की चित्र प्रसन्न आहे, मोकळं आहे, मस्त वारा सुटलाय.

आता वारा सुटलाय हे कशावरून? वारा तर रंगवता येत नाही. जवळ जाऊन पाहा. गवत म्हणून जे दिसतंय ते आखूड, वळलेले, भरभर मारलेले फटकारे आहेत. हिरवा, पिवळा, मध्येच गुलाबी. तसेच फटकारे, जरा बदलून, त्या स्त्रियांच्या कपड्यांवर येतात. आणि तेच, आणखी थोडे बदलून, खाली समुद्राच्या पाण्यावर. म्हणजे गवत, कापड आणि पाणी या तीन अगदी वेगळ्या वस्तू एकाच हाताच्या हालचालीने हलताहेत. तिन्ही एकाच दिशेने थरथरताना दिसल्या की आपण म्हणतो, वारा आहे. वारा त्या तिन्हींच्या नात्यात आहे. हे लक्षात ठेवा, कारण मूडचंही काहीसं असंच निघणार आहे.

जागेबद्दल दोन शब्द सांगतो. पूरव्हिल हे उत्तर फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, दिएपजवळचं गाव. मोनेचा जन्म १८४० सालचा, पॅरिसचा. पण तो वाढला याच किनाऱ्यावर, ल हाव्र या बंदरात. तिथेच बूदँ नावाच्या चित्रकाराने त्याला उघड्यावर बसून चित्र काढायची सवय लावली. म्हणजे हा समुद्र त्याला पर्यटकासारखा भेटलेला नव्हता. इम्प्रेशनिझम या शब्दाची कथा तुम्हाला माहीत आहे. १८७४ सालचं पॅरिसमधलं प्रदर्शन, मोनेच्या 'इम्प्रेशन : सूर्योदय' या चित्रावरून लुई लरुआ या समीक्षकाने केलेली टवाळी, आणि टवाळीचंच पुढे नाव होणं. ती पुन्हा सांगत नाही.

मात्र दगडाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय ही चित्रं कळत नाहीत. आपल्या कोकणातले समुद्रकडे जांभ्याचे किंवा काळ्या कातळाचे. तांबडा किंवा काळा दगड प्रकाश पिऊन टाकतो. नॉर्मंडीचे कडे खडूचे आहेत. खडू म्हणजे शब्दशः खडू! समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांची कवचं तळाशी साठून साठून झालेला पांढरा, मऊ चुनखडक, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यात मधूनमधून चकमकीच्या दगडाचे गडद पट्टे. (फळ्यावरचा खडू हल्ली बहुतेक जिप्समचा असतो, तो वेगळा. पण जन्मभर खडू हातात धरलेल्या माणसाला खडूचा अख्खा डोंगर असतो हे ऐकून किती बरं वाटलं असेल, कल्पना करा.) पांढरा दगड प्रकाश परत फेकतो. सकाळी तो गुलाबी होतो, ढग आले की राखाडी-निळा, सूर्य मागे गेला की जांभळा. म्हणजे तिथला कडा हा शंभर-शंभर मीटर उंचीचा उभा कॅनव्हासच आहे म्हणा ना. आकाशात जे घडेल ते त्याच्यावर उमटतं.

आता पहिलं उत्तर. हे सर्वांत लोकप्रिय आहे. चित्राचा मूड म्हणजे चित्रकाराचा मूड. तो आनंदात होता, म्हणून चित्र आनंदी झालं. आतलं बाहेर आलं.

तपासून पाहू. १८८२ साली मोने कसा होता? तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबर १८७९ मध्ये, त्याची पत्नी कामीय वारली होती, दोन लहान मुलं मागे ठेवून. आलिस ओशदे ही बाई आपली सहा मुलं घेऊन त्याच घरात राहत होती. तिचा नवरा हयात होता. लोक बोलत होते. पैशाची ओढाताण होतीच. त्याच वर्षाच्या सुरुवातीला युनियों जेनेराल ही मोठी बँक बुडाली आणि त्याचा चित्रविक्रेता द्युरां-रुएल अडचणीत आला. फेब्रुवारीत मोने एकटाच पूरव्हिलला आला, एप्रिलपर्यंत राहिला. उन्हाळ्यात सगळं कुटुंब घेऊन परत आला. त्या उन्हाळ्यातली त्याची पत्रं म्हणजे तक्रारींची माळ आहे. हवा वाईट, काम पुढे सरकत नाही, आत्मविश्वास गेला. कड्यावरच्या त्या दोन स्त्रिया म्हणजे आलिसच्या मोठ्या मुली, मार्त आणि ब्लांश, असाव्यात असं मानतात. म्हणजे निराश माणूस, कटकटीचा उन्हाळा आणि चित्र हे असं, वाऱ्यावर उडणारं.

याहून बोचरा पुरावा हवा असेल तर कामीयचं शेवटचं चित्र पाहा, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ती मृत्युशय्येवर असताना मोनेने ते काढलं. पुढे म्हातारपणी त्याने आपला मित्र क्लेमांसो याला सांगितलं की तिच्या चेहऱ्याकडे पाहत असताना आपण नकळत मृत्यूने त्यावर आणलेल्या रंगछटा मोजू लागलो होतो, निळी, पिवळी, करडी. आणि हे लक्षात आल्यावर आपण हादरलो. काही लोक हे ऐकून मोनेला कोरडा म्हणतात. मला तसं वाटत नाही. डोळ्याला लागलेली सवय दुःखातसुद्धा थांबत नाही एवढंच त्यातून दिसतं. पण आपल्या मुद्द्यापुरतं महत्त्वाचं हे की चित्र काढताना चित्रकार ज्या अवस्थेत असतो ती, आणि चित्रात जी उतरते ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्वचित जुळतात. जुळल्याच पाहिजेत असं नाही.

दुसरं उत्तर. मूड निसर्गाचा आहे. कडाच प्रसन्न होता, मोनेने तो उतरवून घेतला. 'निसर्ग हसतो', 'समुद्र खवळला', 'संध्याकाळ हुरहुर लावते' असं आपण म्हणतोच. जॉन रस्किनने १८५६ साली या बोलण्यावर बोट ठेवलं. समुद्राच्या फेसाला क्रूर म्हणणं हा भावनेच्या भरात झालेला दोष आहे, फेस क्रूर नसतो, असं त्याचं म्हणणं. रस्किनचा इशारा थोडा कडक आहे, पण पूर्ण चुकीचा नाही. आणि मोनेचंच काम त्याला साक्षी आहे.

पूरव्हिलच्या शेजारी व्हारांजव्हिल नावाची जागा आहे. तिथे कड्यावर एक दगडी खोपट होतं. नेपोलियनच्या काळात चोरटा व्यापार पकडण्यासाठी जकातवाल्यांनी पहाऱ्याला बांधलेलं, मोनेच्या काळात मासेमार सामान ठेवायला वापरत. त्या एका खोपटाची मोनेने १८८२ सालात डझनाहून अधिक चित्रं काढली. एकात ते उन्हात सुस्त पडलंय. एकात ते एकटं, काहीसं भेदरलेलं, खाली पसरलेल्या समुद्राकडे बघतंय. खोपट तेच, कडा तोच. मूड जर दगडात असता तर सगळ्या चित्रांत एकच निघाला असता.

पुढे एत्रता या गावी तर त्याने याची पद्धतच केली. एत्रताचे कडे प्रसिद्ध. समुद्राने खडू पोखरून तिथे नैसर्गिक कमानी केल्या आहेत आणि पाण्यात एक सुळका उभा आहे. मोनेच्या आधी कूर्बे तिथे येऊन गेला होता. वादळानंतरचा एत्रताचा कडा हे त्याचं चित्र १८७० सालच्या सालोंमध्ये होतं. कूर्बेचा कडा वजनदार आहे, हात लावला तर दगड लागेल असा. मोने १८८३ मध्ये आणि पुन्हा १८८५ मध्ये तिथे गेला. गी द मोपासां, तोच कथाकार, त्याने मोनेला तिथे काम करताना पाहिलं आणि १८८६ साली त्यावर एक लेख लिहिला. मोनेच्या मागून मुलं चालत, त्यांच्या हातात पाच-सहा कॅनव्हास, विषय सगळ्यांवर एकच, पण वेळ वेगळी. ऊन बदललं की मोने हातातला कॅनव्हास खाली ठेवी आणि दुसरा घेई.

इथे एक गंमत सांगतो. एत्रताच्या सूर्यास्ताचं एक चित्र अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या कलासंग्रहालयात आहे. टेक्सासमधले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावर गेले, सूर्याची जागा, सुळक्याची जागा, भरती-ओहोटी, त्या वेळचं हवामान, मोनेची पत्रं असं सगळं जुळवलं, आणि चित्रातला क्षण काढला : ५ फेब्रुवारी १८८३, दुपारचे ४ वाजून ५३ मिनिटं. मला या संशोधनाचं कौतुक आहे. पण त्याने आपला प्रश्न सुटत नाही, उलट जास्त स्पष्ट होतो. त्या मिनिटाला त्या किनाऱ्यावर इतरही माणसं असतीलच, जाळी आवरणारी, घरी निघालेली. सूर्य सगळ्यांना तोच होता. त्या संध्याकाळीत जो सूर लागला तो तिथे पडून नव्हता, कुणीतरी तो लावावा लागला. आणि मोने अशी चित्रं पुष्कळदा घरी नेऊन, स्टुडिओत बसून पुरी करी. म्हणजे तो क्षण सरल्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

मग राहिलं तिसरं उत्तर, आणि आजच्या काळात हेच सगळ्यांच्या तोंडी असतं. मूड बघणाऱ्याचा. ज्याची त्याची आवड, ज्याचं त्याचं मन. तुम्ही आनंदात असाल तर चित्र आनंदी दिसेल, उदास असाल तर उदास. या उत्तरात फार नम्रता आहे असं वाटतं. पण त्याचे परिणाम बघा. हे खरं असेल तर 'हे चित्र प्रसन्न आहे' हे विधान चित्राबद्दलचं राहत नाही, ते माझ्या तब्येतीबद्दलचं होतं. मग तुम्ही 'नाही, मला ते उदास वाटतं' म्हणालात तर आपल्यात मतभेदही होत नाही. मला सर्दी झाली आहे आणि तुम्हाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीला म्हटलं होतं ना, कलेबद्दल बोलणं निरर्थक ठरतं, ते इथे.

या उत्तराविरुद्ध युक्तिवाद पुष्कळ आहेत. मला एक अनुभव पुरतो. माझी पत्नी शेवटच्या आजारात होती त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून पाठवलेलं. ऑगस्टच्या पानावर हेच चित्र. ती ऑगस्टमध्ये गेली आणि नंतर कितीतरी महिने ते पान उलटायचं कुणाला सुचलं नाही. रोज सकाळी चहा करताना ते समोर असे. त्या दिवसांत मला काही म्हणजे काही प्रसन्न वाटत नव्हतं. पण चित्र? चित्र प्रसन्नच होतं. ते मला दिसत होतं, आणि दिसत होतं म्हणूनच सोसत नव्हतं. ते माझ्यासारखं उदास झालं असतं तर बरं झालं असतं, एक सोबत झाली असती. ते झालं नाही. वारा त्यात वाहतच राहिला.

ओळखणं आणि वाटणं या दोन क्रिया आहेत, असा याचा अर्थ. चित्राचा मूड मला वाटत नसला तरी मी ओळखू शकतो. मग तो माझ्या मनाचा भाग कसा?

म्हणजे चित्रकारात नाही, कड्यात नाही, बघणाऱ्यात नाही. मग कुठे? आता थोडं तत्त्वज्ञान करू या.

आधी भावना आणि मूड यांत फरक करू. भावनेला विषय असतो. मी कुणावर तरी रागावतो, कशाला तरी भितो. मूडला तसा नेमका विषय नसतो. 'आज मूड नाही' म्हणताना आपण कशाबद्दल नाही ते सांगत नाही, कारण तो सगळ्यालाच व्यापून असतो. चहाही बेचव, पेपरही कंटाळवाणा. गंमत म्हणजे मराठीने हा शब्द इंग्रजीतून उचलला आणि इतका पचवला की आता 'मूड लागतो' असं आपण म्हणतो, जसा सूर लागतो. जर्मन भाषेत मूडला जो शब्द आहे, श्टिमुंग, तो वाद्य जुळवण्याच्या क्रियापदावरून आला आहे. हायडेगरने १९२७ च्या आपल्या ग्रंथात या शब्दाला मोठी जागा दिली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मूड आतूनही येत नाही आणि बाहेरूनही येत नाही, आपण जगात ज्या रीतीने असतो त्या रीतीतूनच तो उठतो.

हे अवघड वाटत असेल तर तानपुरा आठवा. मैफलीत तानपुरा राग गात नाही. त्यात बंदिश नाही, तान नाही. तो नुसता घुमत असतो. पण गायकाचा प्रत्येक स्वर त्याच्या संदर्भात बरोबर किंवा चूक ठरतो. चित्रातला मूड असा आहे. तो गवत, शिडं, ढग यांच्या शेजारी मांडलेली चौथी वस्तू नाही. या तिन्हींना एकत्र जुळवणारं जे आहे ते मूड. आणि जुळणी तर कॅनव्हासवर आहे, सगळ्यांना दिसेल अशी आहे. वाऱ्याबद्दल मघाशी जे म्हटलं ते हेच.

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार लयीच्या तीन तत्त्वांनी मांडला होता : संवाद, विरोध आणि समतोल. ती हत्यारं इथे छान चालतात. गवत, कपडे आणि पाणी यांतले सारखे फटकारे हा संवाद. तापलेल्या गुलाबी-पिवळ्या कड्याशेजारी थंड हिरवट निळा समुद्र हा विरोध. आणि समतोलाचा तर पुरावाच उपलब्ध आहे. शिकागोच्या संग्रहालयाने या चित्राचे क्ष-किरण फोटो घेतले तेव्हा दिसलं की अगदी उजवीकडचा खडकाचा पुढे आलेला भाग मोनेने आधी मोठा रंगवला होता आणि नंतर कमी केला, समुद्र आणि आकाश यांचं प्रमाण साधावं म्हणून. जे समोर दिसलं ते जसंच्या तसं काढायचं असतं तर खडक कापायची गरज काय होती? प्रत्यक्ष कड्याला काही झालेलं नव्हतं. चित्राचा सूर बिघडत होता, म्हणून खुंटी पिळली.

मर्ढेकरांशी मात्र एका जागी माझं जमत नाही. लौकिक भावना, माणसाचं जगणं, हे ते चित्राच्या सौंदर्याबाहेर ठेवू पाहतात. रा. भा. पाटणकरांनी १९७४ च्या 'सौंदर्यमीमांसे'त दाखवलं की कलेच्या विचाराला स्वायत्ततावादी आणि लौकिकतावादी अशी दोन टोकं आहेत आणि एकाने भागत नाही. मला ते पटतं. कारण या चित्रात रंगांची जुळणी आहे हे खरं, पण ती कड्याच्या टोकावर उभं राहण्याची जुळणी आहे. कड्याचं टोक म्हणजे काय हे ज्याच्या पायांना माहीत नाही, त्याला हे चित्र अर्धंच दिसेल.

मोने आपल्याला कुठे उभं करतो ते पाहा. आपण त्या स्त्रियांच्या मागे, थोडे दूर, गवतातच उभे आहोत. पायाखाली जमीन आहे. पुढे ती एकाएकी संपते आणि लगेच समुद्र सुरू होतो. मधली खोली किती, हे चित्र मोजू देत नाही. त्यामुळे उंचीची भीती न वाटता उंचीचा मोकळेपणा तेवढा मिळतो. चित्राच्या प्रसन्नतेचा मोठा भाग या उभं राहण्यात आहे.

याउलट बेल-ईल. ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळचं हे बेट. मोने १८८६ च्या सप्टेंबरात तिथे पंधरा-एक दिवसांसाठी म्हणून गेला आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत राहिला, चाळीसच्या आसपास कॅनव्हास केले. तिथला दगड खडूचा नाही, काळपट आणि टोकदार आहे. द्युरां-रुएलला त्याने लिहिलं की हा मुलूख भयाण आहे, आणि आपल्या नेहमीच्या सवयीतून तो आपल्याला बाहेर काढतो म्हणूनच आपल्याला त्याचं वेड लागलंय. या चित्रांत त्याने क्षितिज अगदी वरच्या कडेला नेऊन ठेवलं. आकाश जवळजवळ उरलंच नाही. बघणाऱ्याला पायाखाली जमीन दिलेली नाही. खाली थेट पाणी, त्यात काळे दात उगवल्यासारखे खडक. फटकारे आखूड आणि वळणदार नाहीत, ते एकमेकांवर आदळतात. इथे कुणी फेरफटका मारायला येणार नाही.

आता कांट. डोक्यावर लोंबणारे कडे, खवळलेला महासागर, यांच्यापुढे आपण क्षुद्र ठरतो, आणि तरी ते दृश्य आपल्याला ओढतं. मात्र आपण सुरक्षित जागी असलो पाहिजे, असं त्याने १७९० मध्ये उदात्ततेबद्दल लिहिलं. सुरक्षित जागेची अट मोनेने एकदा चुकवली. २७ नोव्हेंबर १८८५. एत्रताला कमानीखाली काम चाललं होतं, समुद्राला ओहोटी आहे असा त्याचा समज. होती भरती. एका लाटेने त्याला कड्यावर आपटलं, पाण्यात ओढलं; ईझल, कॅनव्हास, रंग सगळं गेलं, आणि हा चार पायांवर बाहेर आला, दाढीला रंग फासलेला. त्याच दिवशी आलिसला पत्रात त्याने हे सगळं लिहून कळवलं. लाटेखाली असताना उदात्त-बिदात्त काही सुचलं नसावं.

आपल्याकडे शंकुक नावाच्या नाट्यशास्त्राच्या टीकाकाराने यासाठी एक सुंदर दाखला दिला होता, चित्रातल्या घोड्याचा. तो 'चित्रतुरगन्याय' म्हणून ओळखला जातो. चित्रातला घोडा पाहताना होणारं ज्ञान हे खरा घोडा पाहिल्याचं नाही, भ्रमाचं नाही, संशयाचं नाही आणि 'घोड्यासारखं काहीतरी' असंही नाही. ते पाचवंच काही आहे. शंकुकाचा रसविचार पुढे अभिनवगुप्ताने खोडला, पण हा घोडा मला सोडवत नाही. मोनेच्या कड्यावर आपण असे उभे असतो. आहोत म्हणावं तर खुर्चीत बसलोय, नाही म्हणावं तर तळपायाला गवत लागतंय. चित्राचा मूड ओळखायचा तर एवढं करावं लागतं, चित्राने दिलेल्या जागी जाऊन उभं राहावं लागतं. जागा चित्र देतं, जायचं आपल्याला असतं. म्हणून तो नुसता कापडातही नाही आणि नुसता मनातही नाही.

म्हणजे मग चूक होऊ शकते का? होऊ शकते. बेल-ईलचं चित्र पाहून कुणी म्हणालं 'किती खेळकर', तर मी त्यांना क्षितिजाची जागा दाखवीन, ते आदळणारे फटकारे दाखवीन. पटेल किंवा न पटेल. पण बोट दाखवायला काहीतरी आहे. आणि पूरव्हिलच्या चित्रात मला प्रसन्नता दिसते तिथे कुणी सूक्ष्म धास्ती दाखवली, की त्या दोघी कड्याच्या फार जवळ आहेत, तर मला पुन्हा बघावं लागेल. खरं सांगायचं तर हल्ली मलाही ती थोडी दिसू लागली आहे.

एक प्रश्न आलाय, वाचतो : 'आम्ही हे मोबाईलवर बघतोय. यात मूड कळेल का?'

जागा कळेल, फटकारे नीट कळणार नाहीत. लहान पडद्यावर सगळं गुळगुळीत होतं. शिकागोच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर हे चित्र मोठ्या आकारात पाहता येतं. शक्य असेल तर संगणकावर उघडा आणि मोठं करत करत जा. आधी गवतावर थांबा, मग कपड्यांवर या, मग पाण्यावर. तिथून मागे या आणि पूर्ण चित्र पाहा. मग बेल-ईलचं एखादं उघडा, आणि क्षितिज कुठे आहे ते पाहा. पुढच्या महिन्यात भेटू तेव्हा कुणाला काय दिसलं ते आधी ऐकू, मग मी बोलेन.